दूताच्या चौऱ्याऐंशी ओळी

तुम्ही खोटं लिहिलं.

नगरपालिकांच्या नाट्यस्पर्धेचे परीक्षक म्हणून तुम्हाला एक छापील कागद दिला होता. त्यात 'दुय्यम भूमिका' असा एक रकाना होता. त्या रकान्यात तुम्ही स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं लिहिलं : 'दूत – संहितेतील भाषण केलेच नाही. एक वाक्य ओरडून प्रयोगाचा विचका केला. गुण शून्य.' खाली सही. सही मात्र अशी झोकदार, की बघत राहावं.

तुमचं नाव मी लिहीत नाही. आता तुम्ही मोठे झालात, हार घालून फोटोत दिसता. कुणाविषयी चाललंय ते तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलं असेल. मी सातवी पास माणूस. लिहायला कुणी शिकवलं नाही, माझ्या दुकानात मोटारी वाइंडिंग करता करता जुनी पुस्तकं वाचून शिकलो. हे एवढं लिहायला मला एकोणीस वर्षं लागली. तेव्हा आता शेवटपर्यंत वाचा. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं नाहीत, निदान वाचा तरी.

एप्रिलातली दुपार होती. साडेतीन वाजलेले. नांदरखेड नगरपालिकेच्या टाऊन हॉलमागच्या खोलीत मी दोन्ही हात पसरून उभा होतो.

"रेवण, हलू नको. टाचणी घुसेल," अंबुलगे बाई म्हणाल्या.

माझ्या अंगावर मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनचा निळा पडदा होता. एक खांदा झाकलेला, दुसरा उघडा. पायात माझीच चप्पल, पण तिला परकराच्या नाड्या बांधून त्या गुडघ्यापर्यंत फुलीफुलीनं गुंडाळलेल्या. शेजारच्या खुर्चीवर राजा बसला होता. मांडीवर गणेश मंडळाचा मुकुट, मुकुटावर भज्यांचा कागद.

राजा म्हणजे आमचे करनिरीक्षक निटुरे साहेब. त्यांच्या खांद्यावर सभागृहातल्या मोठ्या टेबलाचं हिरवं कापड होतं.

"बाई, ह्याच्या तंगड्या बघा," निटुरे म्हणाले. "ग्रीक कोंबडा दिसायलाय."

"साहेब, तुमच्या पाठीवर चहाचा डाग हाय," मी म्हणलं.

"राजाच्या पाठीकडं बघायचं नसतं रे."

"मग मी कुठनं एंट्री करू? तुम्ही तर पाठ करूनच उभं राहता."

बाई हसल्या आणि टाचणी खरंच घुसली.

आमच्याकडं नाटकातली कामं हुद्द्याप्रमाणं वाटायची पद्धत होती. साहेब असेल तो राजा, कारकून असेल तो प्रधान, शिपाई असेल तो भालदार. आणि सफाई खात्याची सगळी माणसं एकत्र उभी करून त्यांना वृंद म्हणायचं. मी ह्यात कुठंच बसत नव्हतो. मी रोजंदारीवरचा व्हॉल्व्हमन. अकरा वर्षं गावाला पाणी सोडत होतो आणि अकरा वर्षं कायम होण्याची वाट बघत होतो. माझी फाईल तेवढ्या काळात तीन टेबलं सरकली होती. तालमी सुरू झाल्या त्या दिवशी मुख्याधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "रोजंदारीवरच्या कलावंताला स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं, तर त्याची फाईल मी स्वतः वर पाठवीन." रोजंदारीवरचा कलावंत मी एकटाच होतो. त्यामुळं ते वाक्य मी पाठ केलं. माझ्या भाषणाच्या आधी पाठ केलं.

मला काम दिलं अंबुलगे बाईंनी. त्या नगरपालिकेच्या ग्रंथपाल. नाटक त्यांनीच शोधलं होतं, कपाटाच्या तळातून, पुठ्ठा गेलेलं.

"नाव काय बाई ह्या नाटकाचं?" मी विचारलं होतं.

"पहिली सोळा पानं गेलीत. नाव त्यातच होतं."

"लिहिलं कुणी?"

"तेही त्यातच."

"मग आपल्याला ठावं काय हाय?"

"ग्रीक आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं. आणि शेवटी दूत येतो. तो तू."

गोष्ट अशी. डोंगरावर एक शहर. शहरात एकच झरा. राजा खालच्या वस्तीवर चिडलेला असतो, म्हणून त्यानं झऱ्याचं दार बंद करून टाकलंय. खालचे लोक तहानेनं मरायलेत. वृंद दर दहा मिनिटांनी 'हे राजा' म्हणून विनवतो, राजा दर दहा मिनिटांनी नाही म्हणतो. राजाची मुलगी कुणाला न सांगता एकटी जाते, दगडाचं दार उचलते, पाणी सुटतं आणि ती त्या दाराखाली सापडून मरते. ह्यातलं काहीच स्टेजवर दिसत नाही. दूत पळत येतो आणि सांगतो.

"दाखवायचंच नाही?" मी म्हणलं. "दगुड बिगुड?"

"ग्रीकांच्यात मरण स्टेजवर दाखवत नव्हते रे. ते कुणीतरी बघून यायचं आणि सांगायचं. दूताला नाव नसतं, मागचं पुढचं काही नसतं. पण तो नसला तर नाटकात काही घडलंच नाही. तुझ्या चौऱ्याऐंशी ओळी आहेत."

"चौऱ्याऐंशी? एवढं तर मी बायकोशीबी बोललो नाही."

"बोलशील. रोज तेच करतोस."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या गावात पाण्याला वेळ नव्हती. टाकी भरली की मी चावी घेऊन जायचो. चावी म्हणजे चार फूट लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. चेंबरमध्ये उतरून चौदा आटे फिरवायचो आणि मग सायकलवरनं गल्लीगल्लीत ओरडत जायचो : "पाणी आलं! पाणी आलं होऽऽ!" माझा आवाज ऐकला की माणसं जेवणावरनं उठायची. एकदा तर तिरडी बांधायची थांबली होती, पाच मिनिटं. मी स्वतः बघितलंय.

दूताचं पहिलं वाक्य होतं : 'पाणी आलं, राजा! पाणी आलं!' तालमीत मी ते नाटकातल्यासारखं म्हणायचो, छाती फुगवून, हात वर करून. बाईंना ते आवडेना.

"हे कुणाचं ओरडणं आणलंस? मला स्टेजवरचं नको. तू मारुती गल्लीत ओरडतोस ना, तसं ओरड. माझ्या न्हाणीघरात ऐकू येतं ते."

"बाई, तसं ओरडलं तर..."

"तर काय?"

तर काय होईल ते मलाही नीट माहीत नव्हतं. काठीचंही तसंच झालं. दूताच्या हातात काठी हवी होती. मी चावी कुणाकडंच ठेवत नव्हतो, ती खांद्यावरच असायची. बाई म्हणाल्या, "काठी कशाला? हीच राहू दे. चांगली दिसते." ह्यात माझी चूक शोधणाऱ्यानं शोधावी.

आता सकाळची गोष्ट. गावाला नऊ दिवस पाणी नव्हतं, मोटार जळाली होती. ती दुरुस्त होऊन पहाटेपासून टाकी भरत होती. दहा वाजता मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं.

"किती भरली?"

"अकरा फूट, साहेब. सोडतो आता."

"सोडायची नाही. नाटक झाल्यावर."

"साहेब, नववा दिवस हाय."

"म्हणूनच. आता सोडलंस तर हॉलमध्ये काळं कुत्रं येणार नाही. परीक्षक खास जिल्ह्यावरून आलेत. रिकामा हॉल दाखवू त्यांना?"

म्हणजे झऱ्याचं दार बंद ठेवणारा राजा खुर्चीवर बसूनच होता. मला तेव्हा तसं सुचलं नाही. मी "बरं साहेब" म्हणलं आणि चावी घेऊन पाठांतर करत बसलो.

आणि हॉल भरला! चारशे खुर्च्या भरल्या, बाया पायऱ्यांवर बसल्या. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर मला भरून आलं. ग्रीक नाटकाला एवढं नांदरखेड! मग पुढच्या रांगेतलं बोलणं कानावर आलं.

"बसा की निवांत. रेवण नाटकात हाय. तो हितं हाय तवर पाणी येतंय कसं?"

"पण दिसंना कुठं तो."

"शेवटाला हाय म्हणं त्याचं काम."

"बघ गं लक्ष ठेवून. सटकला की उठायचं."

गाव नाटक बघायला आलं नव्हतं. गाव माझ्यावर पहारा करायला आलं होतं.

तुम्ही पुढं मधोमध बसला होता. तुम्हाला सोफा होता, त्यावर पांढरा टॉवेल, समोर टेबल, टेबलावर पाण्यानं भरलेला तांब्या. अख्ख्या हॉलमध्ये भरलेलं भांडं तेवढं एकच. लोक राजाकडं कमी आणि तुमच्या तांब्याकडं जास्त बघत होते. तीन दिवसांपासून तुम्ही मारुती गल्लीत मेव्हण्याकडं मुक्कामाला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तीन दिवस तुमची अंघोळ झाली नव्हती, हेही.

नाटक चांगलं चाललं होतं, हे आधी लिहून ठेवतो. वृंदानं पहिल्यांदा एका सुरात 'हे राजा, आमचे ओठ फाटले' म्हणलं तेव्हा हॉलमधून कुणीतरी "आमचेबी" म्हणलं आणि टाळ्या पडल्या. निटुरे साहेबांनी "झरा माझा आहे!" असं गरजून सांगितलं तेव्हा एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मेल्या, पाणीपट्टी तर आमच्याकडनं घेतोस." निटुरे क्षणभर करनिरीक्षक झाले, पण सावरले. जन्ममृत्यू नोंदणीच्या कौशल्या बिराजदार राजकन्या होत्या. त्या बापाचा निरोप घेऊन निघाल्या तेव्हा बाया रडल्या. तुम्हीसुद्धा चष्मा पुसला. मी बघितलं.

मग माझी वेळ आली. बाईंनी माझी एंट्री स्टेजवरून ठेवली नव्हती. हॉलच्या मागच्या दारातून, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेनं पळत यायचं होतं. मी आधी हॉलला एक चक्कर मारून आलो, दम लागावा म्हणून. घाम आणावा लागला नाही. दार ढकललं. उघडा खांदा, हातात चावी, आणि गल्लीतला आवाज.

"पाणी आलं! पाणी आलं होऽऽ!"

पायऱ्यांवरच्या बाईनं माझ्या हातातली चावी बघितली. मग तिनं शेजारणीच्या मांडीवर थाप मारली.

"अगं, सोडून आला की गं तो!"

मी पुढं पळत होतो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी गाव मागं पळत होतं. खुर्च्या पडल्या. कुणाची तरी चप्पल माझ्या नाडीत अडकली. "सरका, सरका, आमचा नळ खालच्या अंगाला हाय!" "आवो, बॅरल रिकामं करायचं राहिलंय!" मी स्टेजवर चढलो आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणं राजासमोर गुडघा टेकला. दूतानं राजाशी बोलायचं असतं, लोकांशी नाही. तेव्हा माझी पाठ हॉलकडं होती.

"पाणी आलं, राजा!"

राजानं आनंदानं हात वर करायचे होते. राजा खाली वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "खरंच सोडलंस का?"

"साहेब, नाटक हाय," मीही ओठ न हलवता म्हणलं.

"नाटक हाय ते कळतंय रे मला. पाणी आलंय का?"

"नाही आलं."

"मला पण खोटं सांगतोस?" निटुरेंचे डोळे मोठे झाले. घरी त्यांची बायको एकटी होती आणि तिची कंबर धरलेली होती. ते ताठ उभे राहिले, हिरवं कापड सावरलं आणि संहितेत नसलेलं एक वाक्य त्यांनी भल्या मोठ्या आवाजात म्हणलं : "मी देवळात जाऊन देवांचे आभार मानून येतो!"

आणि गेले. मुकुट सिंहासनावर ठेवून गेले. वृंद एकमेकांकडं बघत होता. राजा गेल्यावर वृंदानं काय करायचं हे पुस्तकात नव्हतं, म्हणून तोही गेला.

मी विंगेकडं बघितलं. अंबुलगे बाई उभ्या होत्या, हातात पुस्तक. तोंडावर एकही रेष हलली नव्हती.

"बोल," त्या म्हणाल्या. "राजा गेला तरी बोल. ते बसलेत."

ते म्हणजे तुम्ही. फोकस माझ्या डोळ्यांत होता. हॉलमध्ये नुसता काळोख दिसत होता आणि त्या काळोखात तुमच्या टॉवेलाचा पांढरा चौकोन. मला वाटलं, टॉवेल आहे म्हणजे माणूस आहे. मला वाटलं, सगळं गाव उठलं पण हा माणूस बसलाय, शिकलेला आहे, नाटक म्हणजे काय ते जाणतो. अकरा वर्षांची फाईल त्या टॉवेलावर बसलीय. मी मुकुटाकडं तोंड केलं आणि सुरुवात केली.

"जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच सांगेन, राजा. ऐकीव एक शब्द सांगणार नाही. ज्यानं पाहिलं नाही त्यानं दूत होऊ नये."

ही दुसरी ओळ. ती तुम्ही ऐकली असतीत तर बरं झालं असतं.

दहाव्या ओळीला, पाणी वाड्यांच्या भिंती चाटत खालच्या वेशीपर्यंत कसं गेलं ते मी सांगत होतो. चौथ्या रांगेतून कुणीतरी बोललं.

"मग दार उघडलं कुणी?"

बाईमाणसाचा आवाज होता. मी दचकलो. पण पुढची ओळ नेमकी त्याच प्रश्नाचं उत्तर होती, म्हणून मी ती म्हणलो. "जिचं नाव घ्यायला माझी जीभ धजत नाही, तिनं."

"पोरीनं ना?" आवाज म्हणाला. "मला वाटलंच. जाताना तिनं बापाच्या पायाला हात लावला तवाच वाटलं."

मी बोलत राहिलो. ती विचारत राहिली. "दगुड लई जड होता का?" "एकलीच गेलती?" "कुणी ओढून काढलं न्हाई व्हय रं?" आणि दर वेळी माझ्याकडं ओळ तयार असायची. त्या जुन्या ग्रीक माणसाला ठाऊकच असावं की चौथ्या रांगेत कुणीतरी असं विचारणार. मी पाठ केलेलं म्हणत होतो, पण पाठ केलेलं वाटतच नव्हतं. जणू मी आत्ताच ते बघून आलोय आणि तिला सांगितल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. असं वाटत होतं की आता हसू येईल. एकसष्टाव्या ओळीत तिचे केस दगडात अडकलेले असतात. तिथं माझा आवाज फाटला. तो मी फाडला नव्हता.

चौऱ्याऐंशी ओळी. एकही गाळली नाही. बाई पुस्तकावर बोट ठेवून ओळ अन् ओळ बघत होत्या.

"संपलं?" चौथी रांग म्हणाली.

"संपलं."

विजेवाल्यानं दिवे लावले, तोच एक उरला होता. हॉलमध्ये तीनशे नव्व्याण्णव रिकाम्या खुर्च्या आणि एक पन्नाशीची बाई. तुमचा सोफा मी बघितला. टॉवेल होता, तांब्या नव्हता. मला वाटलं, तुम्ही आत्ताच उठून मागच्या खोलीत गुण लिहायला गेलात.

"मावशी, तुम्ही गेल्या न्हाईत?"

"कुठं जाऊ? माझ्या घरी नळ हाय का?" ती म्हणाली. "मी चांगुणा. माळावर ऱ्हाते. तुमच्या गावाला नऊ दिसं पाणी न्हाई, आमाला कवाच न्हाई. हितं पंखा हाय म्हणलं म्हणून आलते."

"आवडलं का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"पोर लई गुणाची होती," ती म्हणाली. मग जरा रागानं म्हणाली, "आन तू राजाला सांगायला आलतास ना? त्यो तर पळाला. मग हितं काय करायलास? जा की."

बाहेर तेवढ्यात गलका उठला. गाव परत येत होतं. रिकामे हंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज मी ओळखतो. "रेवण्या! कुठाय त्यो रेवण्या? थेंब न्हाई नळाला!"

बाईंनी स्टेजमागचं दार उघडून धरलं. "पळ," म्हणाल्या.

"बाई, साहेबांनी सोडायचं न्हाई म्हणून सांगितलंय. नाटक झाल्यावर सोड म्हणलेत."

"नाटक झालंय," बाई म्हणाल्या. "शेवटची ओळ मी ऐकली."

मी सायकलवर टांग मारली. पडदा चेनमध्ये अडकला आणि टरकन फाटला. नाड्या सुटून मागं लोळत होत्या. खांद्यावर चावी, उघडी छाती, आणि मागून हंडे घेतलेलं नांदरखेड. "आरं, धरा त्या ग्रीकाला!" कुणीतरी ओरडलं आणि मला इतकं हसू आलं की मी भिंतीवर आदळता आदळता वाचलो. चेंबरमध्ये उडी मारली. चौदा आटे. पाणी पाइपात शिरताना एक खोल घुरघूर येते, ती आली. वर माझ्यामागं आलेल्या घोळक्यानं ती ऐकली आणि सगळे उलट्या दिशेनं पळाले.

मी तिथं थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर आज कदाचित पेन्शनीला आलो असतो. पण खालच्या वेशीपर्यंत पाणी आलं, असं मी आत्ताच कुणाला तरी सांगून आलो होतो. पाहिलं तेच सांगेन, असंही म्हणलो होतो. माळाच्या कडेला मेन लाइनचा वॉशआउट आहे. लाइन धुवायला वर्षातून एकदा तो उघडतात आणि सगळं पाणी ओढ्यात जातं. त्या ओढ्याला लागून चांगुणाबाईची वस्ती. मी तिकडं गेलो आणि सहा आटे उघडले. एवढं पाणी आलं, एवढं आलं! पातेली, डबे, पत्र्याच्या पेट्या, जे सापडलं ते घेऊन माणसं ओढ्याकडं आली. एक म्हातारा कपड्यांसकट धारेखाली बसला आणि उठेचना.

मग मी परत गावात आलो, नेहमीसारखा ओरडत. आता बातमी खरी होती. मारुती गल्लीत वळलो आणि तुम्ही दिसलात.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शर्टाच्या खिशाला परीक्षकाचा बिल्ला. डाव्या हातात पितळी हंडा. पायाशी टाऊन हॉलचा तांब्या, काठोकाठ भरलेला. तुमच्या मागं रिकामी कळशी, तिच्या मागं बादली. मेव्हण्याच्या ओट्यावरून तुम्ही मला हात केला.

"अहो दूत! अहो दूत! प्रेशर कमी आहे!"

मी ब्रेक दाबला. "सर, कधीपासून उभे हायत तुम्ही?"

"पहिल्यापासून! आमचाच पहिला नंबर!" तुम्ही केवढे खुश होता.

"सर, माझं भाषण..."

"फार छान! फार छान झालं!" तुम्ही म्हणालात. "जरा अजून एकदोन आटे फिरवा ना. धार बघा, करंगळीएवढी येतेय."

मी खुळ्यासारखा हसलो. माझ्या डोक्यात फार छान एवढंच शिरलं. पहिल्यापासून हा शब्द शिरायला रात्र जावी लागली. मी तशीच टांग मारली आणि दोन्ही हात सोडून सायकल चालवत घरी गेलो, कमरेला फाटका पडदा. दारातूनच बायकोला ओरडून सांगितलं, "कायम झालो गं!" तिनं तोंड पुसायला टॉवेल दिला आणि विचारलं, "कोणत्या अवतारात?"

आठ दिवसांनी तुमचा कागद आला.

मुख्याधिकाऱ्यांनी तो मोठ्यानं वाचला. भाषण केलंच नाही, म्हणजे नाटकाच्या नावाखाली अफवा उठवली. वॉशआउट उघडला, म्हणजे नगरपालिकेचं पाणी ओढ्यात घालवलं. उद्यापासून यायचं नाही. मी म्हणलं, पाणी सोडलं त्याची शिक्षा द्या, ती मी घेतो. पण भाषण मी केलंय. अंबुलगे बाई म्हणाल्या, माझं बोट ओळीवर होतं. साहेब म्हणाले, तुम्ही दिग्दर्शक, तुमची साक्ष कशी धरू?

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना विनवायला कचेरीत गेलो होतो, तेव्हा चांगुणाबाई तिथं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि सांगायला लागली. पाणी भिंती चाटत कसं खाली गेलं, पोरीनं दगड कसा खांद्यावर घेतला, केस कसे अडकले. माझ्या ओळी, तिच्या शब्दांत, पण एकही गोष्ट न गाळता. एकदाच ऐकलेलं. कारकून लिहायचे थांबले. कौशल्या बिराजदार स्वतःच्या मरणाची हकीकत ऐकून रडायला लागल्या.

"बाई, तुमचा पत्ता सांगा," साहेब शेवटी म्हणाले. "जबाब नोंदवायला पत्ता लागतो."

"माळ."

"माळ म्हणजे पत्ता नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मी आपली बघितलं ते सांगितलं," म्हणाली आणि गेली.

साहेबांनी तुमचा कागद फाईलीत लावला. तुम्हाला पत्ता होता.

आता राहिलेलं सांगून टाकतो. त्या संध्याकाळी तुमच्या नळाला धार बारीक का होती, ते तुम्हाला एकोणीस वर्षांनी कळलं. अर्धं पाणी चांगुणाबाईकडं गेलं होतं. माझी बाजू संपली. मी पाहिलं ते सांगितलं, ऐकीव एक शब्द त्यात नाही.

हॉलच्या घड्याळात सहाला दहा कमी होते तेव्हा मी 'पाणी आलं' म्हणलो. सहा वाजून पाच मिनिटांनी चौऱ्याऐंशीवी ओळ संपली. ह्या पंधरा मिनिटांत तुम्ही कुठं होता? आणि नव्हता, तर 'भाषण केलेच नाही' हे तुम्हाला येऊन कुणी सांगितलं? दुकानाचा पत्ता पाकिटावर आहे. उत्तर लिहा. निळ्या शाईनं, खाली सही करून.